उपलब्ध सहाध्यायी : शून्य

भोंगेराव ऐकायला शिकणार आहेत ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती त्यांनी स्वतःच जिन्यात उभं राहून, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात दिली.

भोंगेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची सारी नोकरी बसस्थानकाच्या घोषणाकक्षात गेली. कोणती बस कोणत्या फलाटावर लागली आहे, कोणती उशिरा येणार आहे आणि कोणती आज येणारच नाही, हे ते इतक्या भरदार आवाजात सांगत की न येणाऱ्या बसबद्दलही प्रवाशांना आदर वाटे. लोक त्यांना भोंगा म्हणू लागले आणि वयाचा मान म्हणून पुढे राव जोडला गेला. घोषणाकक्षाची एक गंमत असते. काचेच्या खोलीत बसून माणूस बोलत राहतो आणि बाहेरच्या गर्दीतल्या एकालाही 'जरा थांबा, मी काय म्हणतो' असं म्हणायची सोय नसते. असं वर्षानुवर्षं बोलायला मिळालं की सगळे आपल्यालाच मन लावून ऐकतात असं वाटायला लागतं. ते खरं तर बसची वाट बघत असतात. निवृत्तीच्या दिवशी ध्वनिक्षेपक स्थानकातच राहिला, आवाज तेवढा घरी आला.

घरी बायको होती. तिने या आवाजाशी फार पूर्वीच जमवून घेतलं होतं. पंख्याच्या घरघरीशी घेतात तसं. लेकीने मात्र जमवून घेतलं नाही. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची आणि रोज फोन करायची. फोन भोंगेरावांच्या हातात गेला की तिला फक्त 'हॅलो' म्हणायला मिळे. पुढे तिच्या शहराचं हवामान, तिच्या तब्येतीची काळजी कशी घ्यावी आणि तिच्या साहेबाशी कसं वागावं, हे सगळं तेच तिला सांगत. एक दिवस ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी ऐकायला शिका. मग आपण बोलू. आता आईला द्या."

रागावून म्हणाली असती तर त्यांनी रागावून उत्तर दिलं असतं. शांतपणे म्हणाली, म्हणून ते लागलं. तेव्हापासून फोन आईकडेच येऊ लागला. आई तो घेऊन स्वयंपाकघरात जायची, दार लोटून घ्यायची आणि तासाभराने बाहेर येऊन "मजेत आहे" एवढं सांगायची. साऱ्या जगाला बातम्या देत आलेल्या माणसाच्या वाट्याला आता दोन शब्दांची बातमी येत होती, तीही रोज तीच.

दुसरा कुणी असता तर खिडकीत बसून कुढला असता. भोंगेराव सरकारी शिस्तीतले. 'ऐकायला शिका' ही सूचना आहे, सूचना आली की अंमलबजावणी, आणि अंमलबजावणीसाठी पहिला प्रश्न : हे शिकवतात कुठे? त्यांनी संगणकावर शोधलं आणि दूरच्या एका मोठ्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम चक्क सापडला. 'ऐकण्याची कला : प्राथमिक'. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही, शुल्क नाही, घरबसल्या शिका, शेवटी प्रमाणपत्र. जगातलं सगळं ज्ञान जगातल्या सगळ्यांसाठी खुलं, असंही वर लिहिलं होतं. भोंगेरावांना भरून आलं. प्रमाणपत्र मिळालं की त्याचा फोटो लेकीला पाठवायचा, खाली एक अक्षरही लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. खाली एक अक्षरही न लिहिणं हा त्यांच्या मते अभ्यासक्रमातलाच अवघड भाग होता.

'शुल्क नाही' या दोन शब्दांवर इमारतीत मतं मागवली नव्हती, तरी ती आली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुकट तपासणी ते स्वतःही ठेवतात आणि त्यातून आजवर एकही माणूस निरोगी बाहेर पडलेला नाही. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणत, त्यांचं म्हणणं की ज्या शाळेतून कुणाला काढून टाकता येत नाही तिला शाळा म्हणू नये. आणि समोरच्या इमारतीत राहणारा मेहुणा, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, जो वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायचा, तो म्हणाला, "भाऊजी, फुकट आहे म्हणजे शेवटी काहीतरी गळ्यात मारतील. बघा तुम्ही." भोंगेरावांनी तिघांचंही बोलणं मध्येच तोडून अभ्यासक्रमाचे फायदे समजावून सांगितले.

पहिल्या दिवशी चर्चामंचावर जत्राच भरली होती. हजारोंनी विद्यार्थी. एक परिचारिका, एक वैमानिक, बेटावर दीपगृह सांभाळणारा एक गृहस्थ. जो तो आपली ओळख करून देत होता. भोंगेरावांनी आपली ओळख इतकी सविस्तर लिहिली की ती चार तुकड्यांत पाठवावी लागली. दीपगृहवाल्याने त्यावर अंगठा दाखवला. भोंगेराव दिवसभर बायकोला आपल्या दीपगृहातल्या मित्राबद्दल सांगत होते.

शिकवणारे प्राध्यापक स्वभावाने मवाळ, आवाजाने त्याहून मवाळ. त्यांचं बोलणं यंत्र मराठीत करून एका बाईच्या आवाजात ऐकवत असे. भोंगेरावांचं अर्धं लक्ष त्या यंत्रबाईच्या उच्चारांत जाई. शेवटची अक्षरं गिळते, श्वास घेत नाही, हिला आमच्या स्थानकात एक दिवससुद्धा ठेवली नसती, असं ते पडद्याकडे बघून म्हणत. उरलेलं लक्ष प्राध्यापकांना सल्ला देण्यात जाई. प्राध्यापकांनी 'समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या' असं म्हणायला सुरुवात केली की 'समोरच्याचं' इथेच भोंगेराव म्हणत, "बरोबर आहे, आता मी तुम्हाला सांगतो." त्यानंतर धड्याखाली प्रश्न येत : प्राध्यापकांनी कोणते मुद्दे मांडले? भोंगेरावांना आपण मांडलेले मुद्दे तोंडपाठ असत, पण ते पर्यायांत नसत. पहिल्या धड्यात ते इतक्या वेळा नापास झाले की स्वयंपाकघरात बायकोला तो पाठ झाला आणि ती भाजी चिरता चिरता आतून उत्तरं देऊ लागली. "दुसरा पर्याय घ्या," ती म्हणायची. भोंगेराव तिसरा घ्यायचे, कारण दुसरा का चूक आहे हे त्यांना सांगता येत होतं.

शेवटी त्यांनी उपाय काढला. धडा चालू असेपर्यंत तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. ही युक्ती अभ्यासक्रमात नव्हती, पण चालली. अधूनमधून ठसका लागे आणि प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर कारंजं उडे, तरी धडे एकेक करून पास होऊ लागले. बायकोने संगणकावर पुसायचं फडकं कायमचं ठेवून दिलं.

इतके दिवस आपण एकटेच शिकतोय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. फुकट गोष्ट सुरू करायला जितकी सोपी, तितकी सोडायलाही. वैमानिक पहिल्याच आठवड्यात उडाला. परिचारिकेची रात्रपाळी लागली. दीपगृहवाल्याने 'वादळ येतंय' असं लिहिलं आणि नंतर त्याचा दिवा दिसला नाही. चर्चामंचावर शेवटून दुसरी नोंद होती, 'इथे कुणी आहे का?' आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'नाही.' भोंगेरावांनी त्याखाली आपण आहोत असं सविस्तर कळवलं. त्यावर अंगठासुद्धा आला नाही.

मग शेवटचा स्वाध्याय उघडला. कोणत्याही एका माणसाचं बोलणं अर्धा तास, मध्ये न बोलता ऐका, आणि तो काय म्हणाला ते सविस्तर लिहा. विद्यार्थी हजारो आणि प्राध्यापक एकटे, तेव्हा स्वाध्याय तपासायचा तो तीन सहाध्याय्यांनी, अशी पद्धत. खाली चौकटीत लिहून आलं : उपलब्ध सहाध्यायी : शून्य.

त्यांनी मदतकेंद्राला पत्र पाठवलं. लगेच उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. भोंगेरावांना बरं वाटलं. त्यांनी म्हणणं आणखी खुलवून पाठवलं. पुन्हा तेच उत्तर आलं. त्यांनी बसस्थानकाच्या जुन्या अनुभवावरून ओळखलं की काचेपलीकडे कुणी बसलेलंच नाही, टेप चालू आहे. ऐकण्याच्या विद्यापीठात ऐकायला माणूस नव्हता.

सहाध्यायी नाहीत तर निर्माण करायचे. तिघं हवेत आणि तिघांनीही पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत पास होत यायला हवं. भोंगेराव डॉक्टर, हेडबाई आणि मेहुणा यांच्या दारात गेले आणि त्यांनी इतका वेळ विनंती केली की ती थांबावी म्हणून तिघंही तयार झाले. रोज दुपारी भोंगेरावांच्या बाहेरच्या खोलीत वर्ग भरू लागला. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण या तिघांइतकी ऐकण्याशी फारकत झालेली माणसं शोधून सापडली नसती. डॉक्टरांचं सारं आयुष्य अशा लोकांशी बोलण्यात गेलेलं, ज्यांच्या तोंडात आरसा आणि कापूस. हेडबाईंसमोर कुणी तोंड उघडल्याची नोंदच नव्हती. आणि मेहुण्याने खिडकीवर बसून डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या मिळवली होती. मान डोलवून दाद देण्याच्या प्रात्यक्षिकात त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. त्या वेळी तो चांगला घोरत होता. हेडबाईंनी प्राध्यापकांना वर्गाकडे पाठ न करण्याबद्दल ताकीद दिली. डॉक्टर प्राध्यापकांचे वरचे दात बघून हळहळत राहिले. मध्ये बसून भोंगेराव तोंडात पाणी धरून सगळ्यांना खुणेने गप्प करत होते. बायको म्हणाली, अभ्यासक्रम फुकट असेल, चहा नाही.

पण ओढत, ढकलत, आतून आलेल्या उत्तरांच्या आधाराने तिघंही शेवटच्या स्वाध्यायापर्यंत पोचले. आता चौकटीत 'उपलब्ध सहाध्यायी : तीन' असं दिसू लागलं. भोंगेरावांनी ते बायकोला बोलावून दाखवलं.

नवी अडचण त्याच दुपारी समोर येऊन बसली. चौघांनाही ऐकायचं होतं, त्यामुळे बोलायला कुणी नव्हतं. चौघं चार खुर्च्यांवर किंचित पुढे झुकून, चेहऱ्यावर समजूतदार भाव धरून एकमेकांकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणी काही म्हणेना. बायको ट्रे घेऊन आली, चौघांनी एकदम तिच्याकडे आशेने बघितलं, तशी ती ट्रे ठेवून पाठमोरी न होता आत गेली.

मग शिकार सुरू झाली. डॉक्टरांनी एका रोग्याच्या तोंडातला कापूस काढला, खुर्ची सरळ केली, समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बोला. अर्धा तास आहे." रोगी पांढरा पडला. "डॉक्टर, घरच्यांना बोलावून घेऊ का?" एवढंच त्याने विचारलं, आणि मग बिचारा घाबरून आयुष्याची निरवानिरव केल्यासारखं अर्धा तास बोलला. हेडबाईंनी आपला एक जुना विद्यार्थी बोलावला. तो आता मोठा अधिकारी झाला होता, त्याच्यासमोर बरीच माणसं उभी राहत. तो हेडबाईंसमोर उभाच राहिला. काहीही बोल म्हटल्यावर त्याला काहीच सुचेना, तेव्हा त्याने पाढे म्हटले. दोन ठिकाणी चुकला. हेडबाईंनी ओठ चावून धरले, पण मध्ये बोलल्या नाहीत. असं कष्टाने मिळवलेलं यश त्यांच्या उभ्या नोकरीत नव्हतं. मेहुण्याने खिडकीवर एका तक्रारदाराला विचारलं, "आणखी काही?" या दोन शब्दांनी तो माणूस इतका हादरला की त्याने तक्रार मागे घेतली. पण मागे उभ्या असलेल्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. वीज सुरळीत असलेलेही आले. कुणाची सासू, कुणाचा साहेब, कुणाचा गुडघा. साहेबांनी मेहुण्याला बोलावून समज दिली की कार्यालयाची शिस्त बिघडते आहे.

तिघांचे स्वाध्याय दाखल झाले. भोंगेराव मात्र अडले. त्यांनी बायकोला समोर बसवलं. ती म्हणाली, न्हाणीघरातला नळ गळतोय. झालं. नळ का गळतो, वॉशर म्हणजे काय, जुने नळ कसे असत, हे तिला कळल्याशिवाय ती पुढचं वाक्य कसं बोलणार? पुन्हा बसवलं, पुन्हा नळाशीच थांबलं. पाण्याचा घोट धरून बघितला तर बायको म्हणाली, "गाल फुगवून बघताय माझ्याकडे, मला हसू येतं." बाकीच्या इमारतीला सुगावा लागला होता, भोंगेरावांना जिन्यात बघताच माणसं घरात शिरून कड्या लावत. मुदत संपायचा दिवस उजाडला.

त्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेली आणि फोन घरीच विसरली. तो वाजला. लेकीचा होता.

भोंगेरावांनी फोन उचलला. तोंडात पाणी घ्यायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी सोफ्याच्या उशीचं टोक दातात धरलं.

"आई?"

उशी काढून ते म्हणाले, "बाबा." आणि उशी परत धरली.

"आई कुठे आहे?"

"बाजारात."

लेक वाट बघत होती. इथे हवामान यायला हवं होतं, मग तब्येत, मग साहेब. काहीच आलं नाही.

"बाबा, बरं आहे ना सगळं? आवाज येतोय माझा?"

"येतोय. बोल."

भोंगेरावांच्या पोटात शब्दांची गर्दी झाली होती, पुढच्याला मागचा ढकलत होता. उशीच्या शिवणीतून कापूस बाहेर आला. आणि मग लेक बोलू लागली. आधी अडखळत, नंतर भरभर. तिने विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. कधीच. रोज आईला डब्याचं आणि साहेबाचं जे सांगायची ते सगळं रचलेलं होतं. ती एका बेकरीत पाव करायला शिकत होती. पहाटे उठते, खांदे दुखतात, पहिले कितीतरी पाव विटेसारखे झाले, पण परवा एक असा फुगला की भट्टीवाल्या म्हाताऱ्याने तो स्वतःच्या घरी नेला. हे सांगताना ती रडली आणि हसलीही. मध्ये एकदा ती थांबली, तेव्हा भोंगेरावांकडे यीस्टबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ते फक्त "हं" म्हणाले.

शेवटी ती म्हणाली, "आईला मीच सांगेन, जरा जम बसू दे. तोपर्यंत कुणालाही सांगू नका. खरं तर तुम्हालाही सांगणार नव्हते, पण तुम्ही काही बोलतच नव्हतात."

फोन ठेवून त्यांनी घड्याळाकडे बघितलं. अर्धा तास होऊन वर गेला होता. भोंगेरावांच्या अंगावर आनंदाने काटा आला. स्वाध्याय झाला होता. ते धावत संगणकाशी गेले, चौकट उघडली. वक्ता काय म्हणाला ते सविस्तर लिहा. त्यांनी बोटं मोडली, लिहायला घेतलं, आणि मग त्यांना आठवलं की हे वाचणार कोण. डॉक्टर, ज्यांच्यासमोर सगळ्या इमारतीची तोंडं उघडी असतात. हेडबाई. आणि मेहुणा, मुलीचा सख्खा मामा, जो ते संध्याकाळच्या आत बहिणीच्या कानावर घालणार.

त्यांनी 'एक मुलगी' असं लिहून बघितलं. खोडलं. 'एक तरुण' लिहिलं. तरुणाने नोकरी सोडली म्हटल्यावर हेडबाई नाव विचारल्याशिवाय राहणार नव्हत्या. नळाबद्दल लिहावं म्हटलं तर नळाचं सगळं त्यांचं स्वतःचंच म्हणणं होतं. बातमी हातात आणि ध्वनिक्षेपक समोर, असं असून न बोलण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात प्रथमच आली होती. दिवसभर ते चौकटीसमोर बसून राहिले. संध्याकाळी चौकट आपोआप मिटली.

निकाल लागला. त्या तिघांची प्रमाणपत्रं आली, कारण एकमेकांचे स्वाध्याय तपासून त्यांनी आणि भोंगेरावांनी सढळ हाताने गुण दिले होते. भोंगेरावांच्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा होता. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दवाखान्यात लावलं. रोग्यांना ते तोंड उघडून नीट दिसे. तिघंही सांत्वनाला आले. हेडबाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांची कुवत सारखी नसते. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला सुचवलं. मेहुणा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊजी, ऐकणं म्हणजे काय असतं, मी तुम्हाला सांगतो," आणि त्याने सांगितलं, बराच वेळ. भोंगेराव ऐकत होते. त्यांच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य होतं, जे ऐकून मेहुणा खुर्चीवरून पडला असता. ते त्यांनी गिळलं.

यानंतर लेकीचा फोन भोंगेरावांना येऊ लागला. आईला यायचा तो येतच होता, डब्याचा आणि साहेबाचा. भोंगेरावांचा वेगळा. ते फोन घेऊन गच्चीत जात, दार ओढून घेत. बायको जिन्यात उभी राहिली तर तिला मधूनमधून एक "हं" ऐकू येई, कधी एक "अरे वा". चार दिवस तिने सोसलं. पाचव्या दिवशी ते खाली आले तेव्हा ती दारातच होती.

"काय म्हणत होती?"

"मजेत आहे."

"तासभर मजेत आहे?"

भोंगेराव खुर्चीत बसले. बायको समोर बसली. तिने आधी सरळ विचारलं, मग आडून विचारलं, मग मुलीच्या काळजीने आपल्याला झोप लागत नाही हे सांगितलं, मग लग्न झाल्यापासून आपण या घरात काय काय ऐकून घेतलं याचा पाढा वाचला, त्यात कितीतरी बसगाड्या होत्या ज्यांच्याशी तिचा काही संबंध नव्हता. भोंगेराव किंचित पुढे झुकून, एकही शब्द मध्ये न टाकता, तिच्या डोळ्यांत बघत होते. त्यांना तिचं म्हणणं पटत होतं. ते इतकं बारकाईने त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि ती किती छान बोलते हेही त्यांना आजच कळत होतं.

शेवटी ती दमली.

"अहो, मी एवढं बोलतेय, ऐकताय ना तुम्ही?"

"ऐकतोय," भोंगेराव म्हणाले.

"ऐकू नका," बायको म्हणाली. "बोला."